खावटी : म्हसावदच्या जंगलाचा हिशोब

(आजच्या भागाचा हा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी. बोलताना वेळेमुळे गाळलेल्या काही गोष्टी इथे घातल्या आहेत.)



एका श्रोत्याने विचारलं होतं, तुम्ही शहादा तालुक्यातले, मग सातपुड्याच्या जंगलावर एक भाग का करत नाही? त्यांना बहुतेक तोरणमाळ, यशवंत तलाव, पावसाळ्यातलं धुकं असं काहीतरी हवं असणार. ते सगळं आहे, जरूर या. पण मी म्हसावदचा. शहाद्याहून तोरणमाळला निघालात की आमचं गाव लागतं. तुम्ही तिथे चहाला थांबता आणि राणीपूरच्या दिशेने पुढे जाता. गावाच्या दक्षिणेला तापीखोऱ्याची काळी, सपाट जमीन : केळी, पपई, ऊस, कापूस. उत्तरेला सातपुडा. आणि मधे पायथ्याचा जो पट्टा आहे, तिथे कागदावर जंगल आहे आणि जमिनीवर बऱ्याच ठिकाणी नाही. आजचा भाग त्या पट्ट्याबद्दल आहे.

जंगल कुणी तोडलं, या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे पारावर तयार असतं. "भिलांनी. अतिक्रमण करून." हे उत्तर अगदीच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. कुऱ्हाड आदिवासीच्याही हातात होती. पण हे उत्तर गोष्ट शेवटच्या पानापासून सुरू करतं. मी पहिल्या पानापासून सांगतो, आणि त्यात एक शब्द धरून ठेवा : खावटी. आमच्या भागात लहान पोरालाही हा शब्द माहीत असतो. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की मजूर माणूस मालकाकडून किंवा सावकाराकडून खायला जे धान्य उचलतो, ती खावटी. सुगीत ते दिढीने, कधी दुपटीने फेडायचं. माझं म्हणणं एवढंच, की खावटीचा इतिहास आणि जंगलाचा इतिहास ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत.

तर १८१८. पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. तेव्हाचा खानदेश म्हणजे उजाड मुलूख. होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत, १८०३-०४ च्या दुष्काळात गावंच्या गावं ओस पडली होती. ओस पडलेल्या शेतात पुन्हा झाडी माजली. वाघ इतके, की ते मारायला सरकार बक्षीस देत होतं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो, कारण "अनादी काळापासूनचं घनदाट अरण्य आणि मग माणसाने ते संपवलं" असं चित्र आपल्या डोक्यात असतं. इथलं जंगल मागे सरलं, पुढे आलं, परत मागे सरलं. शेत आणि रान यांच्यातली रेघ कायम हलती होती आणि त्या हलत्या रेघेवर भिल्ल राहत होते.

इंग्रजांना ती रेघ हलती नको होती. हलत्या माणसाकडून सारा कसा वसूल करणार? त्यांनी भिल्लांसाठी एजन्सी काढल्या, १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल पलटण उभी केली, बंडखोरांना माफी दिली, बी-बैलाला तगाई दिली. म्हणजे एका हाताने बंदूक आणि दुसऱ्या हाताने नांगर. त्याच वेळी बाहेरून शेतकरी येऊन वसत होते, सपाटीवरची झाडी निघत होती. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस अडकला आणि खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. सपाटीवरचं रान मोकळं करण्याला एवढं कारण पुरेसं होतं. त्या जंगलतोडीला त्या काळी कुणी जंगलतोड म्हटलं नाही. तिला लागवड म्हटलं, सुधारणा म्हटलं, आणि जो तोडेल त्याच्या नावावर जमीन लागली. आमच्यासारख्या घरांची जमीन अशीच झाली. आम्ही गुजर. आमच्या पणजोबांच्या आधीच्या कुणाला तरी कुणीच अतिक्रमणदार म्हटलं नसणार. हा काळाचा फरक आहे, दुसरं काही नाही.

मग रेल्वे आली. १८६० च्या दशकात भुसावळ, आणि १९०० च्या सुमारास सुरतेहून नंदुरबारमार्गे अमळनेरकडे जाणारी ताप्ती व्हॅली लाइन. रेल्वेच्या एका मैलाला साधारण १,८०० ते २,००० लाकडी स्लीपर लागतात, ते काही वर्षांत कुजतात, परत घालावे लागतात. सुरुवातीच्या काळात इंजिनातही लाकूडच जळायचं. सरकारला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की साग संपू शकतो. आणि संपू नये म्हणून काय केलं, तर जंगलच आपल्या नावावर करून घेतलं.

१८७८ चा भारतीय वन कायदा. राखीव जंगल, संरक्षित जंगल ही विभागणी तिथून पक्की झाली. राखीव जंगलात कायद्याने मुभा दिलेली नसेल ती प्रत्येक गोष्ट गुन्हा : चराई, जाळणं, लाकूड, पालापाचोळासुद्धा. आता गंमत बघा. त्याच १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदाही आला. घरी दारू गाळणं बंद, परवान्याच्या दुकानातून घ्यायची. म्हणजे एकाच वर्षात मोहाचं झाड एका खात्याकडे गेलं आणि मोहाच्या फुलाची दारू दुसऱ्या खात्याकडे. ज्याच्या अंगणात ते फूल पडत होतं तो दोन्ही बाजूंनी गुन्हेगार.

मोहाबद्दल इथे थोडं थांबतो, कारण शहरातल्या मंडळींना मोह म्हटलं की फक्त दारू आठवते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं खाली पडतात. जाड, रसाळ, गोड. वेचायची, वाळवायची, साठवायची. ती भाजून, शिजवून, भाकरीत घालून खाता येतात. नंतर फळ येतं, बियांचं तेल निघतं. शिवाय चारोळी, टेंभुर्णी, डिंक, कंद, बांबूचे कोंब, पाऊस पडला की रानभाज्या, ओढ्यातले मासे-खेकडे. आता वर्षाचं वेळापत्रक डोळ्यासमोर आणा. डोंगराळ, उथळ जमिनीत ज्वारी-मका-भगर जेमतेम येते. दिवाळीत निघालेलं धान्य उन्हाळ्यापर्यंत पुरतं. पुढे आषाढ, श्रावण, भादवा हे तीन महिने घरात दाणा नसतो आणि शेतात काम सगळ्यात जास्त असतं. त्या तीन महिन्यांची तजवीज रानाने केलेली असायची. वाळवलेला मोह म्हणजे बिनव्याजी ठेव. मी ज्या क्षेत्रात काम करतो तिथे आम्ही याला बॅकअप म्हणतो, आणि बॅकअप कुणी बघत नाही, कारण रोजच्या हिशोबात तो कुठे दिसत नाही. वनखात्याच्या हिशोबात साग दिसत होता, घनफुटात. मोह, कंद, चारोळी यांना "गौण वनोपज" असं नाव आहे. गौण! ज्यावर वर्षाचे तीन महिने निघायचे, ते गौण.

या बॅकअपचं दार बंद झालं आणि झाडं पुढच्या काळात कमी होत गेली, तेव्हा ती तीन महिन्यांची भूक कुठे गेली? ती सपाटीवर उतरली. आमच्या खळ्यात.

सालदार हा शब्द विदर्भात, मराठवाड्यातही आहे, पण खानदेशात त्याची एक खास घडी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला साल ठरायचं. वर्षाचे इतके पैसे, इतकं धान्य, एखादं धोतर-पागोटं, वहाणांचा जोड. त्या बदल्यात माणूस चोवीस तास मालकाचा. बैलाला पहाटे वैरण घालण्यापासून रात्री मोटेवर जाण्यापर्यंत. आषाढात खावटी उचलायची, ती सालातून वळती व्हायची, वळती होऊन उरायचं काही नाही, उलट देणं राहायचं, आणि देणं राहिलं म्हणून पुढचं साल परत त्याच मालकाकडे. ज्या भिल्लांकडे थोडी जमीन होती त्यांची जमीनही याच वाटेने गेली : आधी खावटी, मग गहाण, मग नावावर. इंग्रज सरकारलाही हे दिसत होतं. १९०१ मध्ये मुंबई इलाख्याच्या जमीन महसूल कायद्यात दुरुस्ती करून परवानगीशिवाय विकता न येणारी, म्हणजे ज्याला आपण "नव्या शर्तीची" जमीन म्हणतो ती, कायद्यात आणली. पण ज्याला आषाढात दाणा हवा आहे, त्याला कायदा दाणा देत नाही. तो देणाऱ्याकडेच जातो.

आमच्या म्हसावदच्या जुन्या घराचे खांब आणि तुळया सागवानी आहेत. धाब्याचं घर, आता अर्धं पडलंय. पूर्वी मला त्यांचा फक्त अभिमान वाटायचा. लाकूड असं, की खिळा ठोकायला गेलं तर खिळा वाकतो. हे सगळं वाचायला लागल्यावर आजीला विचारलं, हा साग आला कुठून? ती म्हणाली, "डोंगरातून. कुठून येणार?" कुणी आणला? "सालदाराने. बैलगाडीने." याच्यापलीकडे तिला काही सांगायचं नव्हतं आणि खरं सांगायचं तर याच्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाहीच. ज्याने ते लाकूड आणलं त्याची स्वतःची झोपडी कुडाची होती.

स्वातंत्र्यानंतर सगळं बदलायला हवं होतं. बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या काळात, १९४७ च्या सुमारास, मुंबई राज्यात जंगल कामगार सहकारी सोसायट्या सुरू झाल्या. कल्पना चांगली होती : ठेकेदाराला कूप देण्याऐवजी तोडणाऱ्या आदिवासींच्या सोसायटीला द्यायचं. काही ठिकाणी मजुरी खरंच वाढली. पण तोड थांबवणं हा त्याचा हेतूच नव्हता. लाकूड तर निघतच होतं, शहरं वाढत होती. दुसरीकडे "अधिक धान्य पिकवा" मोहिमेत जंगलातलीच जमीन एकसाली पट्ट्याने कसायला दिली गेली. एक वर्षाचा पट्टा, पुढच्या वर्षी परत अर्ज. विचार करा, सरकार स्वतः म्हणतंय की इथे नांगर घाल. माणूस बुंधे काढतो, दगड वेचतो, बांध घालतो, चार-पाच वर्षं कसतो. मग एके वर्षी पट्टा वाढवून मिळत नाही, आणि कालचा अधिक धान्य पिकवणारा आजचा अतिक्रमणदार होतो.

१९७० नंतरची सलग दुष्काळी वर्षं आली तेव्हा आमच्या तालुक्यात दोन चित्रं शेजारी शेजारी होती. तापीकाठाला पाणी उपसून ऊस, सहकारी साखर कारखान्याची तयारी, मोटारपंप. आणि पायथ्याला माणसं उपाशी. पिकाची चोरी होते म्हणून मालकांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या होत्या, त्यांचे राखणदार हत्यारबंद फिरायचे. चार कणसं मोडल्याबद्दल मारहाण व्हायची. पूर्वी रानात जाऊन जे कंदमूळ आणलं असतं ते आता रानात नव्हतं, म्हणून माणूस शेतात शिरत होता, एवढं साधं गणित कुणी मांडत नव्हतं. मे १९७१ मध्ये तालुक्यातल्या पाटीलवाडीला धान्यावरून संघर्ष पेटला, गोळीबार झाला, एक आदिवासी मारला गेला. शहाद्याची चळवळ म्हणून पुढे जे ओळखलं गेलं, त्याला इथून वेग आला.

अंबरसिंग सुरतवंती हे त्या चळवळीचं मुख्य नाव. स्वतः भिल्ल, सर्वोदयाच्या कामातून आलेले, भजनं म्हणणारे, लोक त्यांना महाराज म्हणायचे. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. मुंबई-पुण्याकडची शिकलेली तरुण मुलं येऊन तिच्यात कामाला लागली. त्यातले एक कुमार शिराळकर. आयआयटी मुंबईचे इंजिनिअर. माझ्या वयाचे असताना हा माणूस नोकरी सोडून आमच्या तालुक्यात राहायला आला आणि २०२२ मध्ये वारला तोवर आदिवासी-शेतमजुरांचंच काम करत राहिला. मी पुण्यात बसून पॉडकास्ट करतो, त्यामुळे यावर मी जास्त बोलणं बरं नाही. आदिवासींमधून आलेले वाहरू सोनवणे त्याच चळवळीतले, त्यांचा "गोधड" हा कवितासंग्रह बऱ्याच जणांना माहीत असेल.

संघटनेने सालदारांचे पगार, कामाचे तास, गहाण गेलेल्या जमिनी यावर काम केलं. बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. अंबरसिंग १९७४ मध्ये फार लवकर गेले. पण त्याच वर्षी सरकारने जमिनीचे कायदे बदलले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीकडून बिगरआदिवासीकडे गेलेली जमीन परत करायची तरतूद झाली. हा कायदा सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. त्यामागे जी आंदोलनं होती त्यात शहादा तालुक्याचं नाव वर आहे. आमच्या भागातल्या काही जुन्या घरांत अजूनही हा विषय निघाला की आवाज चढतात. मला विचाराल तर तो कायदा आला नसता तर पायथ्याला आदिवासीच्या नावावर सातबारा शिल्लकच राहिला नसता.

पण जमीन परत मिळायला आधी ती नावावर असावी लागते. ज्यांच्या नावावर कधीच काही नव्हतं ते काय करणार? ते जंगलात चढले. तोड झालेल्या कुपांत, विरळ झालेल्या रानात त्यांनी प्लॉट धरले. आमच्याकडे त्याला "जंगल प्लॉट" म्हणतात, "प्लॉटधारक" हा चांगला प्रचलित शब्द आहे. उभी झाडंही तोडली गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणजे आधी जंगलाबाहेर काढलेला माणूस सपाटीवर सालदार झाला, सालदारकी परवडेना म्हणून परत वर गेला, आणि आता त्याच्या हातात टोपलीऐवजी कुऱ्हाड होती. पारावरचं उत्तर इथून सुरू होतं.

सरकारने २७ डिसेंबर १९७८ ला निर्णय काढला, की १ एप्रिल १९७२ ते ३१ मार्च १९७८ या काळातली अतिक्रमणं नियमित करायची. इथे खरी गोम आहे. अतिक्रमण होतं हे सिद्ध कसं करायचं? एक, तलाठ्याकडचा गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. दुसरं, वनखात्याने केलेला दंड, गुन्ह्याची नोंद, पावती. थोडक्यात, ज्याला पकडलं त्याचा दावा भक्कम. ज्याने गार्डाला कोंबडी देऊन, हातापाया पडून गुन्हा टाळला, त्याच्याकडे पुरावा नाही. आणि ज्याच्याकडून दंड घेतला पण पावती दिली नाही, तो तर दोन्हीकडून गेला. गुन्हेगार असल्याचा कागद हाच हक्काचा कागद! हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की फक्त कागदावर अडून बसू नका, इतर पुरावाही घ्या. दरम्यान १९८० चा वन संवर्धन कायदा येऊन बसला होता, त्यामुळे केंद्राच्या मंजुरीशिवाय राज्याला जंगलजमिनीचा वापर बदलता येत नव्हता.

केंद्राची मंजुरी कशाला मिळाली, तेही सांगतो. सरदार सरोवरात महाराष्ट्रातली ३३ गावं बुडणार होती, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली. त्यांच्या पुनर्वसनाला जमीन हवी होती. १९९० मध्ये तळोद्याचं २,७०० हेक्टर राखीव जंगल त्यासाठी मोकळं केलं गेलं, पुढे आणखी १,५०० हेक्टर. झाडं तोडून प्लॉट पाडले. पण त्या जंगलात आधीच काही आदिवासी शेती करत होते, हक्क मागत होते. त्यांना हटवून बुडालेल्या आदिवासींना बसवायचं. दोन्हीकडे भिल्ल, पावरा, तडवी. मधे वनखातं, महसूल खातं आणि नर्मदेचं पाणी. जंगलातून आलेला माणूस सपाटीवरच्या प्लॉटवर बसला, त्याला मका-सोयाबीन मिळालं, काहींना बोअरचं पाणीही. पण मोह नाही, नदीतले मासे नाहीत, चारा नाही, सरपण विकत. पूर्वी ज्या गोष्टींना पैसा लागत नव्हता त्या सगळ्यांना तो लागायला लागला. जंगल जाण्याचा अर्थशास्त्रीय परिणाम एका वाक्यात सांगा म्हटलं तर मी हेच वाक्य सांगेन.

आणि पैसा कुठून येतो? गुजरातमधून. दिवाळी झाली की डोंगरातले पाडे रिकामे होतात. सुरत, बारडोलीच्या पट्ट्यातले साखर कारखाने कित्येक दशकं खानदेशातल्या ऊसतोड मजुरांवर चालतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने सत्तरच्या दशकात बारडोलीच्या कारखान्यावर लिहिलं, तेव्हाही तिथे तोडीला खानदेशातूनच माणसं येत होती. तिकडे माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे तोडणारा आणि त्याची जोडीदारीण. मुकादम पावसाळ्यात उचल देतो. पावसाळ्यात! आषाढ, श्रावण, भादवा. तेच तीन महिने. पूर्वी त्या महिन्यांत मोह होता, मग मालकाची खावटी होती, आता मुकादमाची उचल आहे. देणारा बदलला, महिने तेच राहिले. लोक होळीला धडपडून परत येतात, भोंगऱ्या बाजार करतात, काठीची होळी करतात, मग परत जातात. मुलं एक तर सोबत जातात, नाहीतर आश्रमशाळेत किंवा म्हाताऱ्यांकडे राहतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या कुपोषणाच्या बातम्या तुम्ही वाचता, त्यांचा या वेळापत्रकाशी घट्ट संबंध आहे. पोषण आहार गावात येतो तेव्हा आई ऊसाच्या फडात असते.

खावटी हा शब्द तर सरकारनेही उचलला. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना होती, आणि २०२० मध्ये करोनाच्या वेळी खावटी अनुदान जाहीर झालं : कुटुंबाला ४,००० रुपये, अर्धे खात्यात आणि अर्ध्याच्या वस्तू. वाईट म्हणून सांगत नाही, त्या वेळी ते लागलंच असेल. फक्त शब्द ऐकून मी चमकलो. जे नातं मोडण्यासाठी एवढी चळवळ झाली, त्या नात्याचंच नाव सरकारी योजनेवर.

आता थोडं पाणी. माझे काका शेती करतात, त्यांच्या तोंडी एकच विषय असतो : बोअर. पायथ्याची जमीन मुरमाड, दगडगोट्यांची. डोंगरात पडलेला पाऊस झाडीतून सावकाश उतरला तर इथे मुरतो आणि खालच्या विहिरींना मिळतो. डोंगर उघडा असला तर तो दोन तासांत नाल्यातून लालभडक होऊन निघून जातो. म्हणजे वर मोह गेला तेव्हा आम्ही म्हणालो, आपल्याला काय त्याचं. आणि आता त्याच डोंगराची उधारी आमच्या पपईच्या बागेतून वसूल होतेय, दर वर्षी थोडं खोल जाऊन.

२००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी जी जंगलजमीन कसतो आहे, ती जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत त्याच्या हक्काची. गावाला सामूहिक हक्कही मिळू शकतो. पुराव्यात आता वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो, जागेवरच्या खुणा चालतात. कायदा चांगला आहे. अंमलबजावणीसाठी मात्र पायी चालावं लागतं : मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला जो शेतकऱ्यांचा लाल मोर्चा गेला, त्यात वनहक्काचे दावेवाले आदिवासी फार मोठ्या संख्येने होते, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लोकसंघर्ष मोर्चाने ठाण्याहून मुंबई गाठली, त्यात खानदेशातली माणसं होती.

एक तांत्रिक गोष्ट, माझ्या धंद्यातली. दाव्यांच्या पडताळणीत उपग्रहाची चित्रंही वापरली गेली. २००५ च्या चित्रात शेत दिसतं का, बघा. वरवर एकदम निःपक्षपाती वाटतं. पण चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे काही मीटर. ज्याने शेत साफ उघडं केलं, त्याचं शेत ठळक दिसतं. ज्याने शेतातले चार मोह, दोन चारोळ्या, बांधावरचा साग राखला, त्याचं शेत वरून जंगलासारखंच दिसणार. म्हणजे १९७८ च्या हिशोबात पकडला गेलेला जिंकला आणि आताच्या हिशोबात झाड न राखणारा जिंकतो. अशा यंत्रणेकडून लोकांनी काय शिकावं अशी अपेक्षा आहे?

दुसरी वाट आहे, आणि ती लांब नाही. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातलं बारीपाडा. नव्वदच्या दशकात तिथे चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी मिळून ठरवलं की आपलं उघडं पडलेलं जंगल आपण राखायचं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, राखणीच्या पाळ्या, चोराला दंड आणि पकडून देणाऱ्याला बक्षीस. साडेचारशे हेक्टरच्या आसपास जंगल उभं राहिलं. विहिरींना पाणी आलं, भात निघायला लागला, दर वर्षी रानभाज्यांची स्पर्धा भरते. चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. बारीपाड्याची गोष्ट सांगताना लोक शिस्तीचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. तिथे राखणारा आणि खाणारा एकच होता. आमच्या पट्ट्यात दीडशे वर्षं राखणारा वेगळा, तोडणारा वेगळा, खाणारा वेगळा आणि दंड भरणारा वेगळा.

म्हसावद पट्ट्यातल्या आणि एकूणच शहादा, तळोदा, धडगावच्या श्रोत्यांसाठी शेवटचं, आणि हे जरा गंभीरपणे घ्या. घरात पत्र्याच्या पेटीत, देवाच्या कोनाड्यात, आजोबांच्या पिशवीत वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या असतील, एक-ईचा उतारा असेल, एकसाली पट्ट्याचा कागद असेल, तर तो फेकू नका. उजेडात ठेवून त्याचा फोटो काढा, दोन ठिकाणी जपून ठेवा. शिक्का पुसट झाला असेल तरी चालेल. गावात कुणी म्हातारं माणूस असेल, ज्याला कुठला कूप कधी तुटला, कुणाचा प्लॉट कुठून कुठपर्यंत होता हे आठवतं, तर त्याच्याजवळ फोनचं रेकॉर्डर चालू करून बसा आणि मग तो जबाब वनहक्क समितीसमोर लिहूनही घ्या. दाव्यावर अपील करायचं असेल तर हेच कागद लागणार आहेत.

पुढचा भाग तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतींवर करतोय. तिकडचं कुणी ऐकत असेल आणि बोलायला तयार असेल तर जरूर कळवा, मी होळीला गावी आहे.